तलवार आणि तागडी

स्टॉकहोमच्या राष्ट्रीय ग्रंथालयात शुभवर्तमानांची एक जुनी पोथी आहे. आठव्या शतकात दक्षिण इंग्लंडमध्ये ती तयार झाली. तिची पाने एकाआड एक जांभळ्या रंगात रंगवलेली आहेत आणि तिच्यातल्या सोन्याच्या कामामुळे तिला 'कोडेक्स ऑरियस' म्हणजे सुवर्णग्रंथ म्हणतात. नवव्या शतकात तिच्या एका पानाच्या समासात जुन्या इंग्रजीत एक नोंद करण्यात आली. आल्फ्रेड नावाच्या सरदाराने आणि त्याची पत्नी वेरबुर्ग हिने हा ग्रंथ पाखंड्यांच्या सैन्याकडून शुद्ध सोने मोजून सोडवून घेतला, पवित्र वचने त्यांच्या हाती राहू नयेत म्हणून, आणि कँटरबरीच्या ख्राइस्ट चर्चला अर्पण केला, असे ती नोंद सांगते. (राजा आल्फ्रेड तो वेगळा.) हे 'पाखंड्यांचे सैन्य' म्हणजे व्हायकिंग. चर्च लुटणारे, ग्रंथ जाळणारे रानटी लोक अशी ज्यांची ओळख, त्यांनी हा ग्रंथ जाळला नाही. त्यातल्या अक्षरांशी त्यांना कर्तव्य नव्हते, पण ती अक्षरे कुणाला प्राणाहून प्यारी आहेत आणि तो माणूस किती सोने मोजील, हे त्यांना नेमके ठाऊक होते. आधी लूट आणि मग त्याच मालाचा सौदा, आणि दोन्ही करणारे हात तेच. व्हायकिंगांविषयी ज्या गोष्टी ऐकून आज नवल वाटते, त्यांतल्या बहुतेकींचा उलगडा या एका समासातल्या नोंदीत आहे, असे माझे म्हणणे आहे. आपण तलवार आणि तागडी वेगवेगळ्या माणसांच्या हाती असतात असे धरून चालतो. त्या समाजात त्या एकाच कमरेला लटकत होत्या.

हे सहज दिसत नाही, कारण मूळ चित्रावर नंतरच्या रंगाऱ्यांनी बरेच हात फिरवले आहेत. शिंगांचे शिरस्त्राणच घ्या. व्हायकिंग काळातले, म्हणजे साधारण आठव्या शतकाच्या अखेरीपासून अकराव्या शतकापर्यंतचे, शिंगे असलेले एकही शिरस्त्राण आजवर सापडलेले नाही. नॉर्वेतील येर्मुंडबू येथे १९४३ साली मिळालेले दहाव्या शतकातले शिरस्त्राण साधे, गोल, लोखंडी आहे. डोळ्यांभोवती चष्म्यासारखे कडे आहे, शिंगे नाहीत. डेन्मार्कमधील वेक्सो येथे शिंगांची दोन शिरस्त्राणे मिळाली, पण ती इसवी सनापूर्वी ९०० च्या सुमाराची, म्हणजे व्हायकिंगांच्याही सतराशे वर्षे आधीची. आज घरोघरी माहीत असलेली शिंगे रुजली ती १८७६ साली जर्मनीतील बायरॉइट येथे संगीतकार वाग्नरच्या संगीतनाट्यचक्राचा प्रयोग झाला तेव्हा. वेशभूषाकार कार्ल एमिल डोप्लर याने पात्रांना शिंगे चढवली आणि ती कायमची चिकटली. शत्रूच्या कवटीतून मद्य पिण्याची कथाही अशीच. व्हायकिंगांच्या जुन्या नॉर्स भाषेतल्या काव्यात 'कवटीच्या वाकड्या फांद्या' असे कूटरूपक येते, त्याचा अर्थ जनावराचे शिंग. प्यायचे पात्र म्हणून शिंग वापरले जाई. ओले वोर्म या डॅनिश विद्वानाच्या १६३६ सालच्या ग्रंथातील लॅटिन भाषांतरात त्याच्या कवट्या झाल्या. म्हणजे खरे शिंग होते ते जेवणाच्या पाटावर. भाषांतरकाराने त्याची कवटी केली आणि रंगभूमीने ते डोक्यावर बसवले.

याच्याही आधीचा थर आहे तो ज्यांना लुटले त्यांच्या लेखणीचा. ७९३ साली इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील लिंडिस्फार्नच्या मठावर हल्ला झाला. फ्रँकांचा राजा शार्लमेन याच्या दरबारातल्या अल्क्विन या विद्वानाने त्याबद्दल लिहिलेल्या पत्रांमुळे ती तारीख इतिहासात कोरली गेली. त्या मठातले रक्त खरे होते, त्याबद्दल वाद नाही. पण त्याच शार्लमेनने ७८२ साली वेर्डन येथे एका दिवसात साडेचार हजार सॅक्सन कैद्यांची मुंडकी उडवली, हे फ्रँक राज्याच्याच बखरीत नोंदलेले आहे. आयर्लंडमधले ख्रिस्ती राजेही एकमेकांचे मठ लुटत आणि जाळत असत. त्या काळाच्या मानाने व्हायकिंगांची हिंसा जगावेगळी नव्हती. जगावेगळी होती ती त्यांची निवड: युरोपात ज्या एका वर्गाच्या हाती लेखणी होती, नेमक्या त्याच वर्गाच्या दारात ते उतरले. कारण संपत्ती तिथे होती आणि राखण करायला कुणी नव्हते. शिवाय लिंडिस्फार्न ही सुरुवातही म्हणता येत नाही. एस्टोनियातील साल्मे येथे २००८ आणि २०१० साली दोन जहाजे उकरून काढली गेली. त्यांत इ.स. ७५० च्या सुमारास पुरलेले चाळीसहून अधिक पुरुष होते, तलवारी होत्या, शिकारी पक्षी होते, सोंगट्या होत्या. माणसे मध्य स्वीडनकडची होती आणि त्यांतले चौघे सख्खे भाऊ होते, हे जनुकांवरून कळले. हे लोक लुटायला गेले होते की शिष्टाई करायला, यावर अभ्यासकांचे अजून एकमत नाही. मला तो वाद फार बोलका वाटतो. इतके पुरावे हाती असताना मोहीम आणि शिष्टाई यांतला फरक ओळखता येत नसेल, तर तो फरक त्या माणसांच्या लेखीही आपल्याला वाटतो तितका ठळक नसावा.

आता शब्दाकडे पाहू. जुन्या नॉर्स भाषेत समुद्रावरच्या मोहिमेला 'व्हायकिंग' म्हणत. 'तो व्हायकिंगवर गेला' असे म्हटले जाई आणि अशा मोहिमेत मेलेल्यांची नावे रूनलिपीतल्या स्मारकशिलांवर आहेत. हा शब्द जातीचा नव्हता, देशाचाही नव्हता. तो उद्योगाचा होता, आणि तोही हंगामी. बाराव्या शतकातल्या ऑर्कनी बेटांवरील स्वेन आस्लेइफसन हा जरा उशिराचा मासला आहे, पण सागेत, म्हणजे जुन्या नॉर्स गद्यकथेत, वर्णिलेला त्याचा वर्षक्रम बघण्यासारखा आहे. वसंतात स्वतः उभे राहून पेरणी करून घ्यायची, मग जहाजे काढून लुटीला जायचे, कापणीला घरी परतायचे आणि धान्य कणगीत पडले की हिवाळा तोंडावर येईपर्यंत पुन्हा बाहेर पडायचे. त्याहून मोलाची साक्ष ओटारची. हा नॉर्वेच्या टोकाचा माणूस नवव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडच्या आल्फ्रेड राजाकडे आला आणि त्याने दिलेली माहिती दरबारात लिहून घेतली गेली. आपल्या मुलखातल्या बड्या असामींपैकी तो एक, पण त्याच्याकडे गायी वीस, मेंढ्या वीस, डुकरे वीस. नांगरट थोडी, तीही घोड्यांनी. सहाशे रेनडिअर मात्र होते. त्याची खरी मिळकत सामी लोकांकडून येणाऱ्या खंडणीची: कातडी, पिसे, वॉलरसचे दात, जहाजाचे दोर. तो माल घेऊन तो दक्षिणेकडच्या हेडेबीच्या पेठेपर्यंत जाई. शेतकरी, शिकारी, खंडणीदार, दर्यावर्दी, व्यापारी: यांतला नेमका कोण म्हणायचा ओटार? त्याच्या स्वतःच्या बोलण्यात या वेगवेगळ्या भूमिका नाहीतच. एका घराचा चरितार्थ तो सांगतो आहे.

हा चरितार्थ चालत होता तो चांदीवर, आणि स्कँडिनेव्हियात चांदीच्या खाणी तेव्हा जवळजवळ नव्हत्याच. तिथे सापडणारी चांदी बाहेरून आलेली आहे. गॉटलंड बेटावर स्पिलिंग्स येथे १९९९ साली एका शेतात सुमारे ६७ किलो चांदी मिळाली, त्यात चौदा हजारांहून अधिक नाणी. त्यांतली बहुतेक अरबी दिरहम, बगदाद आणि मध्य आशियाच्या टाकसाळींतली. हे नाणे तिथे छापाच्या भरवशावर चालत नसे, वजनावर चाले. गिऱ्हाइकाला हवे तेवढे तोडून देत आणि चांदी खरी आहे का हे बघायला सुरीचे टोक खुपसून पारखत. म्हणूनच थडग्यांत घडीची छोटी तागडी आणि वजने मिळतात, तलवारीशेजारी मिळतात आणि काही वेळा स्त्रियांच्या थडग्यांतही. मुद्दा सर्वांत स्पष्ट होतो तो इंग्लंडमधील टॉर्क्सी येथे. ज्या मोठ्या सैन्याने एकामागून एक इंग्रजी राज्ये मोडली, त्याने ८७२-७३ चा हिवाळा तिथे काढला. त्या शेतांतून शंभराहून अधिक दिरहमांचे तुकडे निघाले, तोडलेली चांदी निघाली, वजने निघाली, धातू वितळवल्याच्या खुणा निघाल्या आणि शिशाच्या सोंगट्या तर शेकड्यांनी निघाल्या. वोल्गा नदीच्या वाटेने आलेले अरबी नाणे इंग्लंडच्या चिखलात पडलेले, आणि तेही रणछावणीत! छावणी म्हणजेच पेठ होती. लुटीचा माल तिथेच तोलला जात होता, वाटला जात होता, विकला जात होता.

इथे कुणी म्हणेल, हे सारे म्हणजे जुन्या गुन्हेगारांना नवी सदरा-बंडी चढवणे झाले. गेल्या काही दशकांत 'व्हायकिंग हे खरे तर शांत व्यापारी, कारागीर, शेतकरी होते' असे सांगण्याची लाट आली, संग्रहालयांनी फण्या आणि मणी पुढे मांडले, कुऱ्हाडी मागच्या भिंतीवर नेल्या. आक्षेप रास्त आहे. पण तो माझ्या म्हणण्याला बाधत नाही, उलट त्याला बळ देतो. कारण व्हायकिंग व्यापार करत होते हे मान्य केल्यावर पुढचा प्रश्न येतोच: कशाचा? लोकर, मध, तलवारी यांबरोबर दोन माल फार महत्त्वाचे होते, उबदार, मौल्यवान केसाळ कातडी आणि माणसे. ९२१-२२ साली बगदादच्या खलिफाच्या वकिलातीबरोबर वोल्गाकाठी गेलेल्या इब्न फदलानने रूस व्यापाऱ्यांचे, म्हणजे पूर्वेकडे गेलेल्या व्हायकिंगांचे, वर्णन केले आहे. तांडा नदीकाठी लागला की व्यापारी लाकडी देवासमोर नैवेद्य ठेवतो, आपण किती दासी आणि किती कातडी आणली ते देवाला मोजून सांगतो आणि भरपूर दिनार-दिरहम बाळगणारा, घासाघीस न करणारा गिऱ्हाईक धाड म्हणून साकडे घालतो. आयर्लंडच्या बखरीत ८२१ साली किनाऱ्यावरून स्त्रियांचा मोठा जथा पळवल्याची नोंद आहे आणि ८७१ साली दोनशे जहाजे ब्रिटनमधून असंख्य बंदी घेऊन डब्लिनला परतल्याचीही. हॅम्बुर्गचा आर्चबिशप रिम्बर्ट याच्या चरित्रात हेडेबीच्या पेठेतला प्रसंग येतो: साखळदंडात जखडलेल्या ख्रिस्ती गुलामांत त्याला एक जोगीण दिसली आणि तिला सोडवायला त्याने आपला घोडा दिला. जो व्यापार आपण हिंसेच्या विरुद्ध पारड्यात टाकू पाहतो, त्याचा मुख्य माल हिंसेशिवाय मिळूच शकत नव्हता. व्हायकिंगांना व्यापारी म्हटल्याने त्यांचे पाप हलके होत नाही. ते कसे नियमित, हिशेबी आणि फायद्याचे होते एवढेच कळते.

दुसरा आक्षेप अधिक नेमका आहे. लुटणारे वेगळे आणि विकणारे वेगळे असतील, आपण उगाच त्यांची मोट बांधतो आहोत. यातला एक भाग मान्य करायला हवा. त्या काळातल्या स्कँडिनेव्हियातली बहुसंख्य माणसे ना लुटीला गेली ना वोल्गाला. ती सातू पेरत राहिली, गुरे राखत राहिली. मी म्हणतो ते समुद्रावर गेलेल्यांबद्दल. आणि तिथे टॉर्क्सीची छावणी, ओटारची जबानी, तागडी-तलवार एकत्र असलेली थडगी, या सगळ्यांतून दिसते ती एकच सलग व्यवस्था. तिचा हिशेब साधा होता: किनारा दुबळा असेल तर उतरून घ्यायचे, राजा भ्यालेला असेल तर खंडणी मागायची, आणि पलीकडचा बलवान असेल तर तोलून-मापून सौदा करायचा. इंग्लंडने ९९१ साली दहा हजार पौंड वजनाची चांदी देऊन शांतता विकत घेतली, तो व्यवहार लुटीच्या खात्यात मांडायचा की व्यापाराच्या? कॉन्स्टँटिनोपलच्या भक्कम तटांपुढे आणि खलिफाच्या मुलखाच्या वेशीवर हेच लोक व्यापारी झाले, आयर्लंडच्या उघड्या किनाऱ्यावर लुटारू. फरक स्वभावात नव्हता, समोरच्याच्या ताकदीत होता.

तिसरी शंका पुराव्याच्याच जातीविषयी घेता येईल. लेखणी पक्षपाती असेल, पण माती तरी कुठे निःपक्षपाती आहे? धातू टिकतो, कापड कुजते. श्रीमंताचे थडगे सापडते, दासाचे सापडत नाही. हे खरेच आहे आणि त्याचा सर्वांत मोठा फटका स्त्रियांच्या कामाला बसला आहे. व्हायकिंग म्हटले की जहाज आठवते, पण जहाज चालवणारे शीड लोकरीचे असे. ती लोकर कातणे आणि विणणे हे बायकांचे काम. जुन्या पद्धतीने शिडे विणून पाहण्याचे प्रयोग झाले, तेव्हा त्या कामाला जहाज बांधण्याइतकेच किंवा त्याहून जास्त दिवस लागतात असे दिसले. म्हणजे मोहिमेचे मोठे भांडवल घरच्या मागावर उभे राहत होते, पण ते कुजून गेल्यामुळे कथेत उरले फक्त वल्हे मारणारे पुरुष. टिकलेल्या थोड्या खुणाही आपण आपल्याच चष्म्यातून वाचल्या. नॉर्वेतल्या ओसेबर्ग येथील सर्वांत देखणे दफनजहाज, ८३४ सालचे, दोन स्त्रियांसाठी होते. स्वीडनमधील बिर्का येथे १८७८ साली उकरलेल्या एका थडग्यात तलवार, कुऱ्हाड, भाला, बाण, दोन ढाली, दोन घोडे आणि सोंगट्यांचा पट मिळाला. म्हणून तो 'सरदार' ठरला, आणि २०१७ साली जनुकांच्या तपासणीत ती स्त्री निघाली. ती लढली होती का, यावर अजून वाद चालू आहे आणि शस्त्रे शेजारी ठेवली म्हणून लढवय्यी ठरत नाही हा प्रतिवाद योग्यच आहे. पण सव्वाशे वर्षांहून अधिक काळ तो सांगाडा पुरुषाचा धरला गेला तेव्हा हा प्रतिवाद फारसा कुणाला सुचला नाही, हेही ध्यानात ठेवावे. न्यूफाउंडलंडमधील लान्स ओ मेडोज ही कोलंबसाच्या जवळजवळ पाचशे वर्षे आधीची नॉर्स वसाहत. तिथल्या लाकडांवर १०२१ साली कुऱ्हाड चालल्याचे आता सिद्ध झाले आहे. त्या वसाहतीची ओळख पटवणाऱ्या वस्तूंत तलवार नव्हती. सूतकताईच्या चातीची दगडी चकती होती.

साक्षी परस्परविरोधी निघाल्या की माती कशी मदत करते, याचे एक गमतीदार उदाहरण आहे. इब्न फदलान रूस लोकांना ईश्वराच्या निर्मितीतले सर्वांत घाणेरडे लोक ठरवतो, कारण ते सगळे एकाच घंगाळातल्या पाण्यात तोंड धुतात. तेराव्या शतकातला एक इंग्रज बखरकार उलट तक्रार करतो: डेन लोक रोज केस विंचरतात, दर शनिवारी स्नान करतात, कपडे बदलतात आणि अशा चाळ्यांनी इंग्रज बायकांना भुलवतात. वाहत्या पाण्याने वजू करणाऱ्याला ते अस्वच्छ वाटले, क्वचित अंघोळ करणाऱ्याला ते नटवे वाटले. दोघांनी मोजपट्टी आपापलीच लावली. पण व्हायकिंग वस्त्यांतून शिंगाच्या कोरीव फण्या ढिगांनी निघतात आणि नॉर्स भाषेत शनिवारचे नावच 'धुण्याचा दिवस' असे आहे. डॅनिशमध्ये ते आजही टिकून आहे. फणीला कुणाची बाजू घ्यायची नसते.

मातीतल्या पुराव्याने आणखी एका भ्रमाचा निकाल लावला आहे, तो म्हणजे रक्तशुद्धीचा. एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकांत व्हायकिंगांना सोनेरी केसांच्या निर्भेळ वंशाचे आदिपुरुष करण्यात आले. २०२० साली ४४२ प्राचीन सांगाड्यांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दक्षिण युरोप आणि आशियाकडचे अंश आढळले आणि ऑर्कनी बेटांवर तर व्हायकिंग पद्धतीने तलवारींसह पुरलेली काही माणसे स्कँडिनेव्हियन वंशाचीच नव्हती. आइसलंडच्या पहिल्या वसाहतकारांत पुरुष बहुतांश नॉर्स, पण स्त्रियांपैकी साठ टक्क्यांच्या आसपास ब्रिटिश बेटांतल्या, असा अंदाज निघाला आहे. त्यांतल्या काही संसार थाटून आल्या असतील, पण सगळ्या राजीखुशीने आल्या असे म्हणायला बखरी वाव देत नाहीत. जिथे माल जातो तिथून माणसे येतात. स्वीडनमधील हेल्गो बेटावर १९५० च्या दशकात ब्राँझची छोटी बुद्धमूर्ती मिळाली. ती सहाव्या शतकाच्या सुमारास आपल्या उपखंडाच्या वायव्येकडे, स्वात-काश्मीरच्या बाजूला, घडवलेली. नॉर्वेतल्या गोकस्टाडच्या दफनजहाजात मोरांची हाडे आहेत. ती मूर्ती पूजेसाठी गेली नसणार आणि ते मोर थेट भारतातून गेले असे म्हणता येत नाही, पण हाताहाती चालणारी वाट किती लांब होती ते यावरून दिसते.

मग व्हायकिंगांविषयीच्या या गोष्टींचे आपल्याला नवल का वाटते? मला वाटते, नवल त्यांच्यात कमी आणि आपल्या समजुतीत जास्त आहे. बाजार माणसाला सौम्य करतो, देवघेव वाढली की लुटालूट आपोआप मागे पडते, अशी एक सुखद समजूत आपण बाळगतो. म्हणून लुटारूच्या थडग्यात तागडी निघाली की आपण चकित होतो आणि व्यापाऱ्याच्या पेठेत बेडी निघाली की अस्वस्थ होतो. व्हायकिंगांचा इतिहास सांगतो की नफ्याचा हिशेब जिथे पक्का असतो तिथे हिंसा टाकून दिली जात नाही, तीही तोलून वापरली जाते. तिला आवर बसला तो समोर तट उभे राहिले तेव्हा, राजे सावध झाले तेव्हा आणि मध्य आशियातून येणारा चांदीचा ओघ आटला तेव्हा. कुणाला उपरती झाली म्हणून नव्हे.

त्या सुवर्णग्रंथाची गोष्ट अजून थोडी उरली आहे. तो कँटरबरीतच राहिला असता तर आज स्टॉकहोममध्ये दिसला नसता. पुढे कधीतरी तो तिथून बाहेर पडला, फिरत फिरत स्पेनमध्ये पोहोचला आणि १६९० साली माद्रिदमध्ये पुन्हा विक्रीला आला. या खेपेस तो स्वीडनच्या राजसंग्रहासाठी विकत घेतला गेला. आठशे वर्षे आधी उत्तरेच्या ज्या माणसांनी तो सोने घेऊन विकला होता, त्यांच्याच उत्तरेकडे तो पोहोचला, या वेळी रीतसर दाम मोजून. समासातली ती जुनी नोंद, पहिल्या सौद्याची पावती, अजून जागेवर आहे.